सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जलदाब: शास्त्र आणि समाजशास्त्र

मुंबई-पुण्याकडील बहुमजली इमारतींत सदनिकेचा भाव मजल्यागणिक चढत जातो आणि नळाच्या पाण्याचा दाब मजल्यागणिक उतरत जातो, ही गोष्ट रहिवाशांना अनुभवाने पुरती ठाऊक असली तरी तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरात-पुस्तिकेत सापडत नाही. बांधकाम व्यावसायिक ज्याला ‘फ्लोअर राइज’ म्हणतात, म्हणजे वरच्या मजल्यासाठी दर चौरस फुटामागे घेतली जाणारी जादा रक्कम, ती भरून जो गृहस्थ सर्वांत वरच्या मजल्यावर राहायला जातो, त्याला वारा, उजेड आणि लांबची टेकडी मिळते. मात्र अंगभर साबण लावून शॉवरखाली उभे राहिल्यावर, शॉवरमधून निघालेले पाणी अंगावर न पडता भिंतीवरून ओघळत मोरीकडे जाते, हेही त्याला तिथेच कळते. त्याच वेळी तळमजल्यावरचा रहिवासी, ज्याच्या खिडकीतून केवळ दुचाक्यांची रांग दिसते आणि ज्याच्याविषयी वरचे सभासद जिन्यात हळहळ व्यक्त करतात, तो स्वयंपाकघरातला नळ किंचित फिरवताच कपबशीसह स्वतःही विसळून निघतो.

या विषमतेचे खापर सचिवांवर, ठेकेदारावर किंवा महापालिकेवर फोडण्याची प्रथा असली तरी तिचे मूळ गुरुत्वाकर्षणात आहे, आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रार गुदरता येत नाही. साठलेल्या पाण्याचा एखाद्या ठिकाणचा दाब हा त्या ठिकाणाच्या डोक्यावर पाणी किती उंचीपर्यंत उभे आहे यावरून ठरतो. दर १० मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो भार पडतो आणि म्हणूनच प्लंबर मंडळी दाबाचे माप ‘किलो’त सांगतात, ‘दोन किलोचं प्रेशर आहे’ हे वाक्य ऐकून घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर तूरडाळ उभी राहिली, तरी प्लंबरच्या डोळ्यांसमोर २० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ असतो. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरली आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी गच्चीच्या पातळीपासून २ मीटर वर आहे असे मानले, तर तळमजला अधिक सहा मजल्यांच्या इमारतीत तळमजल्याच्या स्वयंपाकघरातील नळावर सुमारे २.२ किलो दाब असतो, तर सहाव्या मजल्यावरच्या शॉवरवर जेमतेम ०.३ किलो. दुकानात ज्या ताटाएवढ्या शॉवरखाली मॉडेलचे छायाचित्र लावलेले असते, तो शॉवर बहुधा किलो-दीड किलो दाब गृहीत धरून घडवलेला असतो. सहाव्या मजल्यावर तो बसवला की त्यातून पाऊस पडत नाही, दव पडते.

टाकी केवढी आहे याला या हिशेबात काडीचेही महत्त्व नाही. पाण्याचा दाब पाण्याच्या साठ्यावर नव्हे, केवळ त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, हे सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली मांडले, पुढच्या शतकात ब्लेझ पास्कालने त्यावर अधिक विस्ताराने लिहिले, आणि तरीही ‘टाकी मोठी केली की प्रेशर आपोआप वाढेल’ हा ठराव गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत अद्याप एकमताने मंजूर होत असतो. त्यानुसार ५,००० लिटरच्या टाकीशेजारी, त्याच ओट्यावर, दुसरी ५,००० लिटरची टाकी क्रेनने चढवली जाते, पेढे वाटले जातात, आणि सहाव्या मजल्यावरचे दव पूर्ववत पडत राहते. क्वचित एखादा निवृत्त अभियंता सभेत उभा राहून, टाकी मोठी न करता उंच करावी, असे सुचवतो. त्याचे म्हणणे बरोबर असते. पण टाकी १ मीटरने उचलली तर प्रत्येक नळावरचा दाब केवळ ०.१ किलोने वाढतो, आणि तो तळमजल्यावरही वाढतो, जिथे त्याची कोणालाही गरज नसते. शिवाय गच्चीवर नवे चार खांब उभे करायचे म्हटले की इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट आठवते, आणि ते आठवले की सभा संपते.

प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठा गोंधळ मात्र उंचीबाबत नसून धारेबाबत आहे. सर्वसामान्य कुटुंबात पाण्याचा दाब डोळ्यांनी मोजतात: नळ सोडावा, धार पाहावी, ती जाड असली तर समाधान मानावे आणि बारीक असली तर सचिवांना फोन करावा. धार आणि दाब ही भावंडे खरी, परंतु सावत्र. उघड्या तोटीतून बाहेर पडणारे पाणी हे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दाब चौपट झाला तर पाणी दुप्पट येते. त्या हिशेबाने वर सांगितलेल्या इमारतीत तळमजल्यावर सहाव्या मजल्याच्या सातपट दाब असूनही सारख्याच उघडलेल्या तोटीतून पाणी मात्र पावणेतीनपटीच्या आसपासच येते. (सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचे शुल्क सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून आकारायचे असते. दाबाचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे अर्ध्या इंची जोडाला वर आणि खाली एकच दर लागतो. ही बाब तळमजल्यावरील सभासदांनी आजवर कोणत्याही सभेत आपणहून निदर्शनास आणलेली नाही.)

धारेवरून दाब ओळखण्यात खरी अडचण ही, की नळ बंद असताना धार नसते. दाब मात्र असतो, किंबहुना तेव्हाच तो सर्वाधिक असतो. पाणी वाहू लागले की नळीच्या आतील खडबडीतपणाशी, कोपऱ्यांशी आणि अर्धवट उघडलेल्या कॉकशी घासताना त्याचा काही दाब खर्ची पडतो. वाहणे थांबले की हा खर्चही थांबतो आणि टाकीपासून तोटीपर्यंतच्या उंचीचा सगळा भार नळीच्या भिंतीवर, वॉशरवर आणि सांध्यांवर जसाच्या तसा येऊन बसतो. पहिल्याला चालता दाब आणि दुसऱ्याला स्थिर दाब म्हणता येईल. कुटुंबाचा संबंध पहिल्याशी येतो आणि नळकामाचे आयुष्य दुसरा ठरवतो. चोवीस तासांच्या दिवसात घरातील नळ सगळे मिळून तास-दोन तास उघडे असतात असे धरले, तर उरलेले बावीस तास या नळ्या कोणाचेही लक्ष नसताना हा भार सोसत उभ्या असतात.

तळमजल्यावरच्या जादा दाबावर जो सर्वमान्य घरगुती उपाय आहे, तो या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भिंतीतून येणारी नळी आणि तोटी यांच्यामध्ये जी छोटी काटकोनी चावी असते आणि जिला अँगल कॉक म्हणतात, ती अर्धी बंद करून ठेवायची, हा तो उपाय. तो केल्याबरोबर धार आटोक्यात येते, बेसिनबाहेर पाणी उडणे थांबते, आणि घरातील कर्त्या पुरुषाला आपण अभियांत्रिकी शाखेकडे उगाच गेलो नाही अशी हुरहुर लागते. परंतु अर्धवट बंद कॉक हा वाहत्या पाण्यालाच अडवू शकतो. तोटी बंद होऊन पाणी थांबले की काही क्षणांतच कॉकच्या अलीकडे आणि पलीकडे दाब सारखा होतो, आणि पलीकडच्या बिचाऱ्या वॉशरला आपल्या रक्षणासाठी काही उपाययोजना झाली आहे याचा पत्ताही लागत नाही. उलट, अर्धवट उघड्या फटीतून पाणी वेगाने घुसत राहिल्याने कॉकचीच बैठक झिजते, आणि वर्ष-दीड वर्षाने जेव्हा तो खरोखर पूर्ण बंद करायची वेळ येते, तेव्हा तो बंद होत नाही. ही वेळ बहुधा रविवारी दुपारी येते, जेव्हा प्लंबर फोन उचलत नाही.

स्थिर दाब नळकामाची परीक्षा घेतो तेव्हा जाड नळ्यांना फारसे विचारत नाही. आजकाल घराघरांत बसवली जाणारी सीपीव्हीसी, म्हणजे क्लोरिनचे प्रमाण वाढवलेल्या प्लास्टिकची पिवळसर नळी, २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे २८ किलो दाब दीर्घकाळ सोसेल अशा हिशेबाने बनवलेली असते. हीच नळी ८२ अंशांच्या पाण्यात केवळ ७ किलोंची उरते, हे मात्र गीझरची कळ कमालीला फिरवून ठेवणाऱ्यांनी जाणून असावे. तरीही सात मजली इमारतीत नळी फुटण्याचा संभव कमीच. फुटते ते तिच्या टोकाला जोडलेले किरकोळ सामान: फ्लशच्या टाकीतील प्लास्टिकचा तरफ-चेंडू, गीझरची कनेक्शन नळी, आणि या सर्वांचा मेरुमणी म्हणजे शौचालयातील जेट स्प्रे. या जेटची लवचिक नळी बाहेरून स्टीलच्या चकचकीत विणीची असते आणि ती वीण पाहून ग्राहकाचा असा समज होतो की पाणी स्टीलमधून वाहते. प्रत्यक्षात विणीच्या आत रबराची किंवा प्लास्टिकची पेन्सिलीएवढी नळी असते, पाणी तिच्यातून वाहते, आणि वीण तिला केवळ फुगू देत नाही. जेटचा खटका सोडला की पाणी त्याच्या तोंडाशी अडते, पण मागचा अँगल कॉक उघडाच राहतो; त्यामुळे ही आतली नळी अहोरात्र पूर्ण दाबाखाली असते. काही वर्षांनी विणीची एखादी तार गंजून तुटते, तिथून काळपट रबर वाटाण्याएवढे बाहेर डोकावते, आणि कुटुंब कोकणात किंवा लग्नाला गेलेले असताना हा वाटाणा फुटतो. रोज रात्री झोपताना जेटचा कॉक बंद करणे एवढ्यानेही हा प्रसंग टळू शकतो. दाराची कडी, गॅसचा नॉब आणि देवापुढचा दिवा यांच्या रात्रपाळीत या कॉकचा समावेश अजून झालेला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

येथवर वर्णिलेला दाब निदान शांत स्वभावाचा होता. वाहते पाणी एकदम अडवले असता जो दाब उसळतो त्याला जलाघात म्हणतात, आणि त्याची ओळख डोळ्यांना नव्हे, कानांना होते: कपडे धुण्याच्या यंत्राचा व्हॉल्व्ह खटकन मिटला, किंवा कोणी एकहाती मिक्सरचा दांडा फटकन खाली दाबला, की भिंतीत कुठेतरी ‘धाड्’ असा आवाज होतो आणि शेजारच्या सदनिकेतील वृद्ध गृहस्थ दार उघडून कोण आले ते पाहतात. या घटनेचे गणित निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यांना रशियन विमानविद्येचे जनक म्हणून मान मिळाला. नळाच्या धाडधाडीचा पुरता अभ्यास केलेल्या माणसाने आकाशाची वाट धरावी, हे समजण्यासारखे आहे. त्यांच्या सूत्राप्रमाणे लोखंडी नळातून सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी निमिषार्धात थांबवले, तर मूळ दाबात १२ ते १३ किलोंची भर पडते. प्लास्टिकची नळी स्वतः किंचित फुगून धक्का पचवते, त्यामुळे तिच्यात ही भर चार-पाच किलोंवर निभावते. मानवी हात एवढा चपळ नसल्याने घरात पूर्ण आकडा सहसा गाठला जात नाही, पण नळ जितक्या झटक्यात मिटतो तितके त्याच्या जवळ जाता येते. जुन्या पितळी नळाला बंद व्हायला तीन-चार वेढे लागत, शेवटच्या वेढ्याला मनगटाचा जोर लागे, आणि त्या सगळ्या खटाटोपात पाण्याला थांबण्याची पुरेशी पूर्वसूचना मिळे. आजचा पाव वेढ्याचा, चिनीमातीच्या चकत्यांवर फिरणारा नळ बोटाच्या टिचकीने मिटतो आणि त्या सोयीची किंमत भिंतीतले सांधे भरतात. नळाच्या अलीकडे वरच्या बाजूला टोपण लावलेली हातभर उभी नळी ठेवली, तर तिच्यात कोंडलेली हवा धक्का झेलते. कालांतराने ती हवा पाण्यात विरघळून जाते आणि नळी पाण्याने भरते. अशा वेळी ती केवळ भिंतीची शोभा वाढवते.

वरच्या मजल्याचा इतिहास याहून करुण आहे, कारण तो दाबाच्या अभावातून सुरू होऊन दाबाच्या अतिरेकात संपतो. दवाला कंटाळलेला रहिवासी एके दिवशी प्रेशर पंप आणतो. हा पंप गच्चीवर टाकीजवळ बसतो. घरात नळ उघडला आणि नळीतला दाब ठरावीक पातळीखाली, समजा दीड किलोखाली, उतरला की तो आपोआप सुरू होतो, आणि नळ मिटून दाब अडीच किलोंवर गेला की बंद पडतो. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना शॉवर दाखवला जातो. इमारत जुनी असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून भिंती बोलू लागतात, कारण जुन्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, म्हणजे जीआय, नळ्यांत सांध्यांवरच्या बारीक भोकांना वर्षानुवर्षे साचलेल्या गंजानेच बूच मारलेले असते. पाव किलोच्या राजवटीत हे बूच टिकते, अडीच किलोंच्या राजवटीत ते धुऊन जाते, आणि पाचव्या मजल्याच्या हॉलमध्ये छताला ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या आकाराची ओल उमटते. त्यावर होणारा पत्रव्यवहार हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आदर्श उपविधींत संडास, बेसिन अशा घरातल्या सोयींमुळे होणारी गळती ज्या-त्या सभासदाने आणि सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करावी अशी तरतूद असल्यामुळे, ओल नेमकी कोणत्या नळीची, हा प्रश्न नळकामातून निघून थेट न्यायशास्त्रात जातो.

भिंती शाबूत राहिल्या तरी पंपाला रात्री झोप लागत नाही. एखाद्या नळाचे वॉशर मिनिटाला चार थेंब सोडत असेल, तर उघड्या डोळ्यांना त्याचे काही वाटत नाही. पण पंपाच्या पुढची नळी बंद असल्यामुळे चार-चार थेंबांनी तिच्यातला दाब उतरत जातो, दीड किलोची वेस ओलांडतो, पंप ‘घुर्र’ करून चार सेकंद चालतो आणि थांबतो. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा घुर्र. पहाटे तीन वाजता मोजायला दुसरे काही नसल्याने या घुर्रघुर्रीची नोंद अचूक ठेवली जाते.

याच गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सौर बंब असेल तर प्रकरण अधिक रंजक होते. सौर बंबाची टाकी हवेला उघडी असते, म्हणजे वाफ आणि हवा निघून जावी म्हणून तिच्या माथ्यावर एक मोकळी नळी ठेवलेली असते. तिच्यातून खाली येणाऱ्या गरम पाण्याला उंचीचा पाव किलो तेवढा दाब मिळतो. पंप मात्र बहुतेक वेळा गार पाण्याच्या नळीवर बसवला जातो. मग स्नानगृहातील मिक्सरमध्ये, जिथे दोन्ही पाण्यांची भेट होते, तिथे अडीच किलोंचे गार पाणी पाव किलोच्या गरम पाण्याला परत ढकलते, त्याच्याच वाटेने वर चढते, बंबाची टाकी भरून टाकते आणि माथ्यावरच्या मोकळ्या नळीतून गच्चीवर कारंजे उडवते. खाली उभ्या असलेल्या माणसाला गरम पाणी मिळत नाही, वर टाकी ओसंडत असते, आणि वॉचमन धावत येऊन ‘तुमचा सोलर लीक आहे’ असे सांगतो. सोलर लीक नसतो. गरम नळीवर एक एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा झडपेचा व्हॉल्व्ह, लावायचा राहिलेला असतो. तो लावल्यावर कारंजे थांबते, पण दोन्ही पाण्यांत दाबाचा जमीन-अस्मानाचा फरक तसाच राहिल्याने मिक्सरमधून गरम पाणी यायला तरीही लाजते, आणि शेवटी गृहस्थ बादली-तांब्याकडे वळतो.

पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी जी नहर-ए-अंबरी बांधली, किंवा अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून पुण्यात पाणी आणण्यासाठी जो बंदिस्त नळ घातला, त्यांत पंप नव्हता आणि किलोचे मापही नव्हते. परंतु वाटेत ठिकठिकाणी मनोरे किंवा उच्छ्वास बांधले होते. उच्छ्वास म्हणजे नळावर उभा केलेला, वरून हवेला मोकळा असलेला बांधीव स्तंभ. नळात कोंडलेली हवा त्यातून निघून जाते, आणि पाणी त्याच्या माथ्यापलीकडे चढू शकत नसल्याने त्या टप्प्यातला दाबही हाताबाहेर जात नाही. संभाजीनगरच्या पाणचक्कीत उंचावरून सोडलेल्या पाण्याने पीठ दळले जाई आणि शनिवारवाड्यात हजारी कारंजे उडे, म्हणजे दाब कुठे वापरायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे दोन्ही त्या काळच्या कारागिरांना उमगले होते. कात्रजचे उच्छ्वास आज वाहतुकीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाहीत. आलेच तर एखाद्या पक्षाच्या फलकाला टेकू म्हणून येतात.

आधुनिक पालिकांनी उच्छ्वासाचे काम नागरिकांच्या नळांवर सोपवले. केंद्राच्या पाणीपुरवठाविषयक नियमपुस्तिकेने एकमजली घरांसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर एवढा किमान दाब वितरण-नळांत शिल्लक असावा असे अनेक वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात जिथे पाणी दिवसाकाठी तासभर किंवा चार-सहा दिवसांआड येते, तिथे मधल्या काळात नळ रिकामे होऊन हवेने भरतात आणि पाणी सोडले की ती सगळी हवा आधी ग्राहकाच्या तोटीतून ‘फुस्स्’ करत बाहेर पडते. त्या हवेनेही मीटरचे चाक फिरते. दाब पुरेना म्हणून मग एकजण नळाला थेट मोटार लावतो, ते पाहून शेजारी लावतो, आणि गल्लीत दहा मोटारी झाल्या की नळात दाब उरण्याऐवजी शोषण सुरू होऊन सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. अशी मोटार लावणे नियमबाह्य आहे आणि पालिकेचे पथक ती जप्त करते. पथक येणार आहे हे गल्लीला आदल्या दिवशी कळलेले असते.

वीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहू लागल्यावर मात्र हे सगळे गमतीवारी नेण्याची सोय उरली नाही. चाळीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीपासून सरळ खाली नळ आणला तर तळाशी १२ किलो दाब होईल, आणि सर्वसाधारण गीझर, ज्याच्या अंगावर ८ किलोंच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, तो त्यासमोर उभा राहू शकणार नाही. म्हणून अशा इमारतीत नळाचे टप्पे पाडतात आणि प्रत्येक टप्प्यावर पीआरव्ही, म्हणजे दाबनियामक व्हॉल्व्ह, बसवतात. त्याची रचना साधी आहे: आत रबराचा एक पडदा असतो, त्याच्या एका बाजूने स्प्रिंग दाबते आणि दुसऱ्या बाजूने पलीकडच्या नळातले पाणी, पाण्याचा दाब ठरलेल्यापेक्षा वाढला की पडदा सरकून वाट मिटवतो, उतरला की स्प्रिंग ती उघडते. अर्धवट बंद कॉक जे करू शकत नाही ते हा करतो, कारण सगळे नळ बंद झाल्यावरही तो पलीकडच्या बाजूला ठरलेला दाबच राहू देतो. माथ्यावरचा स्क्रू आत फिरवला की ठरलेला दाब वाढतो, बाहेर काढला की कमी होतो. त्याच्या आधी एक जाळी असते. तीत वाळू, गंज आणि मागच्या प्लंबरने गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे धागे साचतात, आणि ती वर्षातून एकदा धुतली नाही तर दाबाचे नियमन इतके प्रभावी होते की पाणीच येत नाही.

सात-आठ मजली जुन्या इमारतीलाही हा व्हॉल्व्ह खालच्या दोन-तीन मजल्यांच्या नळावर बसवता येतो, आणि दाबमापकाची चकती तर काही शे रुपयांत मिळते. २०२१ साली घाईने घेतलेला ऑक्सिमीटर, साखर पाहण्याचे यंत्र आणि वजनाचा काटा हे सर्व ज्या घरात एकाच खणात नांदतात, तिथे ही चकती मात्र आढळत नाही. त्यामुळे दाब दोन किलो आहे की चार, याविषयीचा वाद आकड्यांऐवजी आवाजाच्या पट्टीवर लढला जातो. सभेत विषय निघाला की वरचा मजला म्हणतो, आमच्याकडे दाबच नाही, तर कमी करायला वर्गणी कशाची. तळमजला म्हणतो, आमची तक्रार काय आहे. आणि मधल्या मजल्यांचे मत चहा येईपर्यंत तयार होत नाही. तरी कधीतरी, छताला एखादी मोठी ओल आल्यानंतर, ठराव मंजूर होतो. व्हॉल्व्ह बसतो, दोन किलोंवर लावला जातो, आणि महिन्याभरात तळमजल्यावरून प्लंबरला खासगीत निरोप जातो, ‘तेवढा स्क्रू जरा आत घे, भांडी घासायला मजा येत नाही.’ म्हणूनच या धंद्यात मुरलेला प्लंबर व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांना दाबमापक लावतो, शाफ्टच्या दाराला कुलूप घालतो आणि त्याची किल्ली सचिवांकडे न देता वॉचमनकडे देतो. सचिव तळमजल्यावर राहतात.